पाच हात फिल्म

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — बिड्या कुठे लपवायचो, कुणाशी अबोला धरला, कशावरून धरला, सगळं. हे मात्र नाही. सांगण्यासारखं माणूस भेटलं नाही म्हणू? खोटं होईल. भेटली की, खूप भेटली. माझंच तोंड उघडलं नाही. आज उघडतोय, पण एकदम मुद्द्यावर नाही यायचो. जरा आजूबाजूने येईन. मला पहिल्यापासून फुशारकी मारायची सवय, तेव्हा सुरुवातही तिथूनच करतो.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात माझ्यासारखा जोड मारणारा ऑपरेटर नव्हता. ऑपरेटर म्हणजे टॉकीजच्या वरच्या केबिनमध्ये मशीन चालवणारा. तुम्ही खाली बसून पडद्याकडे बघता. आम्ही वर एका चौकोनी भोकातून पडद्याकडेही बघतो आणि तुमच्याकडेही. त्या काळी प्रिंट आमच्याकडे यायची ती मुंबईत महिनोन् महिने रगडून निघालेली. मधेच तुटायची. तुटली की खाली शिट्ट्या, बाकांवर थापा आणि ऑपरेटरच्या आईबापांचा उद्धार. मग फिल्मची टोकं खरवडायची, सिमेंट लावायचं — म्हणजे फिल्म चिकटवायचं पातळ औषध — दाबून धरायचं, झाला जोड. बाकीच्यांचे जोड पडद्यावर उडी मारायचे. माणूस खुर्चीतून उठायला लागायचा आणि एकदम दारात! माझा जोड कुणाला कळायचाच नाही. मॅनेजर कौतुकाने म्हणायचे, “हा शिंपी व्हायचा, चुकून इकडे आला.” मला ते शिंपी म्हणणं आवडायचं नाही. शिंपी मापाने कापतो. मी नजरेने कापायचो.

आणि ती नजर कशी तयार झाली? तुम्ही सिनेमा एकदा बघता, फार आवडला तर दोनदा. आम्ही एकच सिनेमा दिवसातून तीनदा, आठवडेच्या आठवडे. गोष्ट तर दुसऱ्या दिवशीच मरते. मग उरतं काय? मला तरी एकच उरायचं — कुठे कापलंय. एक चित्र संपून दुसरं लागतं ती जागा. एका सिनेमात एक पोर भाकऱ्या थापत असते. नुसते हात दिसतात. पीठ उडतं, हात थापतात, थापतात — आणि चेहरा दिसतो तेव्हा तिची बाई झालेली असते. दहा वर्षं पिठात गेली आणि खाली बसलेल्या एकालाही पत्ता नाही! असलं काही आलं की केबिनच्या त्या उकाड्यातही माझ्या अंगावर काटा यायचा. वाईट कापलेलं दिसलं की राग. इथे बाई वळायच्या आधीच सोडायला हवं होतं, इथे अर्धा सेकंद उगाच लांबवलंय — मी एकटाच मशीनशी भांडायचो. फिल्मचं माप फार सोपं आहे. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, एक हात फिल्म म्हणजे एक सेकंद. मी सिनेमे हातावर मोजायचो.

आता मुद्दा येतोय. आला नाही अजून, येतोय.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाचा एक मराठी सिनेमा आहे. नाव घेत नाही. त्यात शेवटाकडे खाडीकाठचा एक प्रसंग आहे. नवरा होडीत बसून निघतो, परत न येण्यासाठी. बायको काठावर धावत येते. ओठ उघडते. आणि — पाणी. होडी नाही, माणूस नाही, नुसतं रिकामं पाणी, बराच वेळ. बस्स. या जागेवर लोकांनी लिहिलंय. तिच्या तोंडून हाक निघाली की नाही यावर वाद घातलेत. डोंबिवलीला आमच्या शेजारी एक मास्तर राहायचे, त्यांना सिनेमाचं वेड. या सिनेमाचा विषय निघाला की ते हाताने हवेत कापल्यासारखं करून दाखवायचे. “बाई आणि पाणी! मध्ये काही नाही! काय डोकं असेल हो डायरेक्टरचं!” मी समोर बसून त्यांच्याकडची भजी खायचो आणि मान डोलवायचो.

डायरेक्टरचं डोकं? माझं डोकं. माझे हात. तो काप माझा आहे. त्या बाईच्या आणि त्या पाण्याच्या मध्ये पाच हात फिल्म होती, ती मी काढली. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय आणि खरं सांगतो, लिहिताना बरं वाटतंय.

त्या पाच हातांत माझा दादा होता.

आम्ही ठाण्याजवळच्या बाळकुमचे, खाडीकाठचे. घरची थोडी भातशेती आणि पाऊस संपला की मिठागरावर काम. वडील लवकर गेले, मग दादाच घरातला बाप. मी शाळेत बसू शकलो तो दादा मिठागरात उभा होता म्हणून. त्याच्या टाचा मिठाने फुटलेल्या असायच्या आणि माझ्या पायात चपला. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसलं नाही असं म्हणून सुटता येणार नाही.

दिसायला तो देखणा होता. सिनेमात असतात तसा गोरागोमटा नव्हे. काळा, उंच, गालांची हाडं वर आलेली आणि डोळे असे की तो बोलायच्या आधीच त्याचं म्हणणं तुम्हाला कळावं. आईचा लाडका. गावाचाही लाडका. कुणाच्या अंगणात नुसता जाऊन उभा राहिला तरी आतून हाक यायची, महादू, ये, बस. आणि मी? मी घरातला शिकलेला, टॉकीजमधला, महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा. तरी गावात माझी ओळख काय, तर महादूचा भाऊ. एवढंच होतं माझं दुखणं. ऐकायला किती बारीक वाटतं, नाही? मलाही आता वाटतं. तेव्हा मात्र ते पायात रुतलेल्या शिंपल्यासारखं दर पावलाला टोचायचं.

त्या सिनेमावाल्यांना एक खाडी हवी होती. फिल्मची रिळं पोचवायला येणाऱ्या माणसाच्या तोंडून ते मला कळलं आणि मी लगेच म्हटलं, आमच्या बाळकुमला या. माझ्यामुळे आले ते, हेही लक्षात असू द्या. त्या दिवशी मी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला, तेल लावून भांग पाडला. उघड बोलतो — मला आशा होती. होडीचा दोर सोडणारा एक माणूस त्यांना पाहिजे होता, आणि मी डायरेक्टरसाहेबांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिलो. साहेबांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागून दादा येत होता. मिठागरावरून तसाच, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला फडकं. मी सकाळी न जेवता निघालो म्हणून वहिनीने डबा दिला होता, तो घेऊन. साहेबांनी विचारलं, हा कोण? माझा भाऊ, मी म्हटलं.

दादाला त्यांनी उभं केलं. त्याने दोर सोडला, होडी हलली, आणि मग त्याने मान वर करून काठावरच्या त्या बाईकडे पाहिलं. असं बघ, तसं बघ, कुणी काही शिकवलं नव्हतं. कॅमेऱ्याभोवतीची माणसं हातातली कामं सोडून बघायला लागली. साहेब हळूच म्हणाले, “वा.” मी त्या एका ‘वा’साठी सकाळपासून तिथे उन्हात उभा होतो. डबा माझ्या हातात होता. बोंबील आणि भाकरी. मी तो तसाच घरी परत नेला आणि वहिनीला सांगितलं, भूक नव्हती.

पुढे वर्षभर गाव दादाला ‘हिरो’ म्हणत होतं. तो लाजायचा. सिनेमाचा त्याला नाद नव्हताच. आईला घेऊन कधी एखादा देवादिकांचा सिनेमा पाहिला असेल तेवढाच. पण या सिनेमाची तो वाट बघत होता, ते मला दिसत होतं. मुंबईत सिनेमा लागला आणि फारसा चालला नाही. मग तो ठाण्याला आमच्या टॉकीजमध्ये आला. अख्खं बाळकुम पहिल्या दिवशीच्या तीनच्या खेळाला यायचं ठरलं. शूटिंग आमच्याकडे झालेलं म्हणून डायरेक्टरसाहेबही येणार होते.

प्रिंट आदल्या दिवशी दुपारी आली. रिळं तपासायचं काम माझं. टेबलावर रीळ चढवायचं, हाताने फिरवायचं, फिल्म दोन बोटांतून सोडायची. कडेची भोकं फाटली असली की बोटाला कळतं. शेवटून दुसरं रीळ असेल. खालून दिव्याचा उजेड होता आणि माझ्या बोटांखालून दादा यायला लागला. एकामागून एक, नखाएवढे, कितीतरी दादा. प्रत्येकाची मान आधीच्यापेक्षा जराशी वर.

इथे मला जपून सांगायला हवं. कारण तेव्हा दोन गोष्टी झाल्या आणि आधी कुठली झाली हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला चुकीचं सांगत आलो.

एक — पोटात कळ आली. उद्या सगळं गाव खाली बसेल, मी वर घामाने निथळत मशीन चालवीन आणि माझ्याच हातांनी दादाला घराएवढा मोठा करून दाखवीन. दुसरी गोष्ट — माझी नजर म्हणाली, हा तुकडा इथे नको. आणि खरंच नको होता हो! बाई ओठ उघडते, मग दादा तिच्याकडे बघतो, त्याचे डोळे भरतात आणि खाली बसलेल्यांना कळतं की आता रडायचं. त्याचा चेहरा इतका बोलका की बघणाऱ्याला स्वतःचं काही करायला उरतच नव्हतं. तो काढला तर? बाई. पाणी. मधला खड्डा ज्याने त्याने आपापल्या दुःखाने भरायचा. ते मला टेबलापाशी उभ्या उभ्या दिसलं आणि अंगावर काटा आला.

कळ आधी की काटा आधी? मी स्वतःला सांगायचो, काटा. कलेपुढे भाऊ कोण आणि कसलं काय. छान वाटायचं. पण कळ आधी आली. मी कात्री उचलली तेव्हा काटा यायचाच होता अजून.

बोलणं चालू असताना फिल्म कापणं सोपं नसतं. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेने जाते आणि ती चित्राच्या जरा पुढे असते. भलतीकडे कापलं की शब्द तुटतो आणि चोरी पकडली जाते. इथे त्या सगळ्या भागात नुसतं पाणी वाजत होतं, चुबुक चुबुक. पाणी कुठूनही कापा, कळत नाही. मी कापलं, खरवडलं, सिमेंट लावलं, दाबलं. जन्मातला सगळ्यात चांगला जोड होता तो. काढलेला तुकडा गुंडाळून चहाच्या एका रिकाम्या डब्यात टाकला. फेकून का दिला नाही? माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती. आई आणि वहिनी बायकांच्या बाजूला अगदी पुढच्या बाकावर, ठेवणीतली लुगडी नेसून. दादा पुरुषांच्यात मधोमध. गावाने त्याला झेंडूचा हार घातला होता. हसू नका, खरंच घातला होता, आणि कुणी काढ म्हटलं नाही म्हणून तो हार गळ्यात घेऊनच सिनेमा बघत होता.

ती जागा आली. बाईने ओठ उघडले. पाणी.

सगळं टॉकीज थांबलं. मी त्या चौकोनातून काय काय पाहिलेलं होतं — शिट्ट्या, रडारड, पडद्यापुढे नाचणारी माणसं. पण अशी शांतता नाही. मशीनची घरघर मला माझ्याच कानात ऐकू आली. मग बायकांच्या बाजूने एक हुंदका, त्याच्या पाठोपाठ दुसरा. माझी छाती अशी भरून आली की मी भिंतीला हात टेकला. मी केलं हे. मी! खाली पाचशे-सहाशे माणसं बसलेली आणि माझ्या एका कापाने सगळ्यांचा श्वास अडकला. दादाकडे मी पाहिलं का? नाही. मी गर्दी बघत होतो.

साहेब जिना चढून धापा टाकत वर आले. दोर सोडणारा माणूस कुठे गेला, म्हणाले. मी म्हटलं, “भोकं फाटली होती साहेब, काढावा लागला.” इतकं सहज आलं ते तोंडातून. साहेब चौकोनापाशी गेले आणि खाली डोळे पुसणाऱ्या माणसांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “परत लावू नका.” पुढे त्यांनी मुंबईला जाऊन मूळ फिल्ममधूनच तो भाग काढून टाकला. मग ज्या प्रिंटा निघाल्या त्या तशाच. सिनेमा पुन्हा लागला, चालला, नाव झालं. त्यांचं नाव. आणि मला बोलायची सोय नाही! भोकं फाटली होती ना? मास्तरांपुढे गुपचूप भजी खायची पाळी आली ती अशी. तुम्हाला वाटत असेल, बरी अद्दल घडली. घडली खरी, पण पुरती नाही.

आता खेळ सुटल्यावर काय झालं ते ऐका. मला वाटलं होतं बोंबाबोंब होणार. महादू कुठाय, टॉकीजवाल्यांनी फसवलं, असं काहीतरी. मी केबिनची आतून कडीसुद्धा लावून घेतली होती. पण खाली बघतो तर जो तो दादाच्या पाठीवर थापा मारतोय! अहो, प्रत्येकाला वाटलं की चुकला तो आपणच. डोळे पुसायला पदर वर केला, पोर मांडीवर चुळबुळलं, शेजाऱ्याकडे वळून बघितलं, नेमका तेवढ्यात महादू येऊन गेला. सगळं गाव शेजारी बसलेलं असताना मला दिसला नाही असं कबूल कोण करणार? एकजण म्हणाला, काय दिसत व्हता रं महादू! दुसऱ्याने त्यात भर घातली. तिसऱ्याने तर दादाने दोर कसा सोडला ते हातवारे करून दाखवलं. आईने दादाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “माजा पोर राजासारका दिसला.” आई खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. तिला दिसला असेल.

साऱ्या बाळकुमात एकाच माणसाला दादा दिसला नव्हता. दादाला.

दुसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये आला. दारातच उभा राहिला, मान खाजवत. “बालू, येक सांग मना. सगल्यांना दिसलो, मंग मनाच कसा नाय दिसलो? त्यो हार टोचत व्हता. मी मान खाली घातली आसल का?”

तेव्हा सांगता आलं असतं. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. चहाचा डबा त्याच्या डोक्याच्या वरच्या फळीवर होता. मी म्हटलं, “हायस ना दादा. पन पटकन जातस. डोला लवला का गेलास.”

त्याला वाईट वाटू नये म्हणून? तसं म्हणायला मला किती आवडलं असतं. पण ‘नाहीस’ म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, ‘का नाही?’ त्या प्रश्नाला मी घाबरलो. दुसरं काही नाही.

मग तो येतच राहिला. सिनेमा होता तोवर जमेल तेव्हा मिठागरावरचं काम आटपून तीनच्या खेळाला हजर. मी त्याला पुढच्या बाकावर बसवायचो. वरून मला त्याची पाठ दिसायची. ती जागा जवळ आली की तो पुढे सरकायचा आणि दोन्ही कोपरं उचलून बोटांनी स्वतःच्या पापण्या वर धरून ठेवायचा. लवू नयेत म्हणून. हसू आलं ना? मलाही आलं होतं, पहिल्या दिवशी. बाई ओठ उघडायची, पाणी यायचं, टॉकीज श्वास धरायचं, माझी छाती भरून यायची — आणि त्या सगळ्या गर्दीत एक माणूस तेवढा रडत नसायचा. तो शोधत असायचा. खेळ सुटला की हात हलवून मला खालूनच सांगायचा, आजही निसटलो. आणि हसायचा. चूक आपलीच आहे असं त्याचं हसणं होतं.

सिनेमा उतरला. वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी कल्याणच्या एका टॉकीजमध्ये लागलो आणि डोंबिवलीला बिऱ्हाड केलं. येताना चहाचा डबाही आणला. बायकोने एकदा विचारलं यात काय आहे, मी म्हटलं, सामान आहे मशीनचं.

मग तोच सिनेमा कल्याणला आमच्याकडे आला, सकाळच्या खेळाला. नवी प्रिंट, कोरी करकरीत. मास्तरांना कळलं तेव्हा ते हरखले. शाळेतले, वाचनालयातले पाच-पन्नास लोक घेऊन यायचं त्यांनी ठरवलं, केवळ ती जागा दाखवायला. आणि तिकडून वहिनीचा निरोप आला की दादा येतोय. त्याचे डोळे गेले होते. अगदी गेले नव्हते, जात चालले होते. जन्मभर पांढऱ्याधोप मिठावर ऊन बघून बघून. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढच्या वर्षापर्यंत काही दिसेलसं वाटत नाही. वहिनीने निरोपात एवढंच कळवलं होतं, त्यांना येकदा सोताला बगायचाय.

आदल्या दिवशी दुपारी मी डबा उघडला. फिल्म जरा वाकडी झाली होती, बाकी ठीक. दादा होता तसाच होता, तरणा, मान वर करत. प्रिंट टेबलावर, कात्री, सिमेंट, सगळं समोर. काय करायचं होतं? एक काप, दोन जोड. खेळ झाला की काढून पुन्हा होतं तसं. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. पहिल्या प्रिंटा केव्हाच झिजून भंगारात गेल्या होत्या; जगात त्या तुकड्याची दुसरी प्रत नव्हती, आणि तो लावू शकणारा माणूसही एकच होता.

मी तुकडा दोन्हींच्या मध्ये धरून पाहिला. बाई, दादा, पाणी. आणि मला दिसलं की हे पडणार. पुन्हा ते तसंच सपाट होणार. उद्या मास्तर पाच-पन्नास लोकांपुढे हात वर करतील — बाई आणि! — आणि मध्ये येईल एक मिठागरवाला, डोळे भरून. माझा काप त्या सगळ्यांसमोर मरणार.

मी कात्री खाली ठेवली. या वेळी पोटात कळ नव्हती. हेवा केव्हाच संपला होता. त्याचे डोळे गेल्यावर कसला हेवा करायचा? ठाण्याला कापलं तेव्हा मी चिडलेला पोरगा होतो असं एखादा म्हणू शकेल. कल्याणला मी शांत डोक्याने बसलो होतो. एका पारड्यात माझा भाऊ आणि दुसऱ्यात माझा काप, आणि मी कापाकडे गेलो. तुकडा गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळचा खेळ भरला. माझ्या अंगात कालचाच शर्ट होता. वहिनीने हात धरून दादाला पुढच्या बाकावर बसवलं. ती जागा जवळ आली तसा तो पुढे सरकला. बोटं पापण्यांवर गेली. बाईने ओठ उघडले. पाणी. आणि तीच शांतता, ठाण्याची, अगदी तीच. मास्तरांचा हात अंधारात वर जाऊन तसाच राहिला. आणि काय सांगू तुम्हाला, माझी छाती भरून आली. खाली दादा पापण्या धरून बसलेला मला दिसत होता आणि तरी भरून आली. तो काप बरोबर होता. आजही बरोबर आहे, आज हातात कात्री दिली तरी मी तिथेच कापेन. त्याचा मला अभिमान आहे. तो जावा म्हणून मी पुष्कळ वाट पाहिली, तो जात नाही.

खेळ सुटल्यावर दादा जिना चढून वर आला, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून, एक एक पायरी चाचपत. मला वाटलं, हरलेला येतोय. तर तोंडभर हसू!

“बालू! दिसलो रं आज! पष्ट दिसलो!”

खरंच काही दिसलं होतं का त्याला, त्या धूसर डोळ्यांना? की इतक्या वर्षांनी तोही गावासारखंच म्हणाला? वहिनी त्याच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, मशीनकडे बघत होती. मी विचारलं नाही. मी म्हटलं, “मंग! मी सांगत नवतो?”

त्याने आनंदाने माझ्या छातीवर थाप मारली. ती बरोबर खिशावर बसली. त्याची बोटं तिथेच थांबली, चाचपायला लागली.

“ह्यो काय रं खिशात?”

“काय नाय, दादा,” मी म्हटलं. “फिल्मचा तुकडा हाय.”